इथं आठ मोजून थांबायचं

कवळीवाले आमच्या इमारतीत राहायला आले, त्या वर्षी सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती म्हणजे, हा माणूस पत्त्यांत लबाडी करतो. पुरावा त्यांच्या हातावरच होता. डाव्या हाताची नखं मुळापासून कापलेली आणि उजव्या हाताची, करंगळी सोडून, बोटापुढे तांदळाच्या दाण्याएवढी वाढवलेली. वर घासूनपुसून अशी चकचकीत केलेली, की जिन्यातला दिवा त्यांत दिसावा. असली नखं पत्त्याच्या कडेला खूण करायलाच लागतात, असं एका जाणकाराचं मत पडलं. तो जाणकार म्हणजे मी. त्यांच्या हातात पत्ते कुणी पाहिलेले नव्हते, पण अफवेला पाय फुटतात, डोळे फुटत नाहीत.

शेवटी आमच्या बायकोनंच माझं पितळ उघडं पाडलं. चार बायका जिन्यात उभ्या असताना ती म्हणाली, ‘‘गिटार वाजवतात ते. नखांनी वाजवतात. आमच्या भिंतीला भिंत आहे त्यांची, ह्यांना रोज ऐकू येतं. तरी सांगत सुटलेत.’’ मला ऐकू येत होतं, हे खरंच होतं. पण खरं सांगितलं की लोक ‘हो का’ म्हणून पुढं जातात, आणि जरा तिखटमीठ लावलं की चहाला थांबतात. माणसानं काय करावं?

तर कवळीवाले. कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, त्याच्या मागच्या खोलीत ते दात बनवतात. खोलीला एकच खिडकी. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलीनं आडनाव. टेबलावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, आणि भिंतीशी पॉलिशचं चाक, त्याला कापडाची चकती. त्याच चाकावर ते दिवस संपताना स्वतःची चार नखं घासून घेतात. या गावातलं निम्मं हसू त्यांच्या हातचं आहे, आणि ते स्वतः मात्र तोंड मिटून हसतात. पन्नाशी उलटलेली, केसांत कायम पांढरी पूड. पूड कुठली आणि पिकलेले केस कुठले, हे तेही सांगू शकत नसावेत.

रोज संध्याकाळी सहाला भिंतीपलीकडे खुर्ची सरकायची. मग सुरू व्हायचं: ढुम. ढुम ढुम. ढुम. असं चार वेळा झालं की काहीच नाही. फक्त पायाची टपटप, बरोबर आठ वेळा. आणि पुन्हा ढुम. रोज तेच. दुसऱ्या चिजाही वाजवायचे, पण शेवट हाच. पहिल्या वर्षी मी त्या आठ टपटपांत वैतागून जायचो. वाटायचं, आता काहीतरी येईल, आता येईल. काही यायचं नाही. बायकोला मी म्हटलंही, की ह्यांची निम्मी गिटार कुणीतरी पळवलेली दिसते.

पोरांना मात्र त्यात काही चुकीचं वाटलं नाही, कारण त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. जिन्याखालच्या फरशीवर खडूचे चौकोन आखून ती लंगडी खेळायची, आणि खेळ चालायचा तो वरून येणाऱ्या गिटारवर. ढुमला उडी मारायची. टपटप लागली की आठ मोजेपर्यंत एका पायावर उभं राहायचं. हललास की बाद. आमची धाकटी त्या खेळाची प्रमुख. नियमांच्या बाबतीत ती बापालाही सोडत नाही, म्हणून मी तिला फौजदार म्हणतो. दोन-तीन पिढ्या त्या फरशीवर तयार झाल्या. मोठी झालेली पोरं अजून लिफ्टची वाट पाहताना नकळत एक पाय उचलतात.

ती निम्मी गिटार कुठं गेली, ते मला माझ्या दाढेमुळं कळलं. दाढेवर टोपी बसवायची होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले, आणि नेमका त्यांना आतून फोन आला. कवळीवाले शेजारी टोपी घासत बसले होते. मला बोलता येत नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं. तेही त्यामुळंच बोलले असावेत.

ते वाजवायचे ती दुसरी गिटार. पहिली गिटार ताईची. ताई चार वर्षांनी मोठी. तिनंच त्यांना शिकवलं, आणि सुरावट साहजिकच स्वतःकडे ठेवली. खालची साथ धाकट्याकडे. शेवटची ती चीज ताईनं स्वतः बांधलेली, तिच्यात दुसऱ्या गिटारनं चारदा बोलायचं आणि मग आठ मात्रा गप्प बसायचं. तेव्हा ताई एकटी वाजवणार. दोघं शाळांतून, वृद्धाश्रमांतून, जिथं कुणी बोलावील तिथं वाजवत फिरले. मग एका फिरत्या मंडळीनं दोघांना वर्षभरासाठी बोलावलं. पेट्या भरल्या. आणि त्याच आठवड्यात वडिलांच्या हातांना कंप सुटला. वडीलही कवळ्याच करायचे. कापऱ्या हातानं दात कसे बसवणार?

बस सुटायच्या आधी ताई म्हणाली, ‘‘तू नसशील तर मी कशी वाजवू?’’ तिनं मोकळ्या मनानं जावं, मागं वळून पाहू नये, म्हणून हे म्हणाले, ‘‘दुसरी बाजू काय, कुणीही वाजवेल.’’

तिनं ते खरं मानलं. मंडळीतल्याच एका उंच माणसाला दुसऱ्या गिटारवर घेतलं. दोन वर्षं तिची पत्रं आली. ह्यांना उत्तरात काय लिहावं ते सुचेना, पत्रं थांबली. वडील गेले तेव्हा ती आली, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. दोन दिवस भाऊबहीण वडिलांच्या जुन्या घरी स्वयंपाकघरात समोरासमोर बसले. चहात साखर किती, एवढंच काय ते बोलणं. गिटारचं नाव दोघांनीही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली, त्याला आता सहा वर्षं झाली.

हे सगळं त्यांनी माझ्या दाढेची टोपी उजेडात धरून सांगितलं. मला विचारावंसं वाटत होतं, की मग ते ‘कुणीही’ तुमच्या एवढं जिव्हारी का लागलं, म्हणालात तर तुम्हीच. पण तोंडात कापूस. आणि कापूस निघाला तेव्हा विचारावंसं वाटेना.

यंदाच्या वर्षी एका बुधवारी मी वाचनालयात पेपर चाळायला गेलो, तर काचेच्या दारावर रंगीत कागद. रविवारी सकाळी अकराला, वाचनालयाच्या हॉलमध्ये, सहकुटुंब मैफल. दोन गिटार आणि एक गायिका. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: मुलांना आणा, ती रडली तरी आम्ही वाजवत राहू. आणि फोटो. मधली बाई मी ओळखली. ताई. तोच चेहरा, वीस वर्षांनी तरुण, कवळीवाल्यांच्या चाकाशेजारी खिळ्याला टांगलेल्या फोटोत आहे.

शहाण्या माणसानं काय केलं असतं, ते मला आता ठाऊक आहे. मी एक कागद मागून घेतला आणि त्यांच्या दाराखालून आत सरकवला. वर एक शब्द लिहिला नाही. मजा वाटली मला. वाटलं, संध्याकाळी भिंतीला कान लावावा.

बुधवारी गिटार वाजली, रोजच्यापेक्षा हळू. गुरुवारी वाजली नाही. शुक्रवारी सकाळी जिन्यात ते भेटले, कठड्यावर उजवा हात होता. चारही नखं कापलेली. मुळापर्यंत, डाव्या हातासारखी. मी इतका चपापलो, की तोंडाला आलेला विनोद तिथंच राहिला. मी म्हटलं, ‘‘अहो, हे काय केलंत?’’

‘‘नखं असली की हात गिटार मागतो,’’ ते म्हणाले.

‘‘रविवारी येणार ना?’’

‘‘पत्ता तिला ठाऊक आहे,’’ असं म्हणून ते खाली उतरले.

बरोबरच होतं त्यांचं. आपल्याच गावात येऊन वाजवायचं आणि भावाला एका ओळीचा निरोप नाही, याचा अर्थ त्यांनी लावायचा तो लावला. वाईट एवढंच, की नखाला परत तेवढं वाढायला दोन-अडीच महिने लागतात, आणि रविवार दोन दिवसांवर होता. बायकोनं मला रात्रीचं जेवण वाढलं, पण बोलली नाही. आमच्या घरात ही मोठी शिक्षा आहे, कारण मग सगळं मलाच बोलावं लागतं.

प्रायश्चित्त म्हणून मी घरोघर फिरलो, आणि रविवारी आमची अख्खी इमारत हॉलमध्ये हजर. पुढच्या भागात गाद्या-उशा टाकलेल्या, त्यांवर पोरं. मागं खुर्च्या. बाबागाड्या आत आणायच्या नाहीत असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या दारातच लागल्या, एकात एक अडकलेल्या अकरा. अकराला पाच कमी असताना कवळीवाले आले. अंगात कामाचा डगला, केसांत पूड. जणू दात घासता घासता चुकून इकडे वळले. दाराजवळची शेवटची खुर्ची धरली आणि पायाची बोटं दाराकडे करून बसले.

ताई मंचावर आली. ठेंगणी बाई, केस पार पांढरे. पायाखाली छोटं स्टूल घेतलं, गिटार मांडीवर कलती ठेवली. शेजारी तो उंच माणूस. पोरांनी त्याचं नाव तिथल्या तिथं लंबूटांग ठेवलं, आणि त्यानं ते ऐकून मान लववली. गायिका तरुण, धिप्पाड, आवाज पाण्यासारखा. पहिल्याच गाण्यात कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, तर तिनं गाणं हळूच वर उचलून त्या रडण्याच्या सुरात नेऊन बसवलं. दोन्ही गिटार तिच्यामागं गेल्या. पोर दचकून गप्प झालं. आमच्या समोरच्या आजीबाई म्हणाल्या, मला चार पोरं झाली, हे आधी कुणी सांगितलं नाही. ताई वाजवताना मधूनच मान वर करून खुर्च्यांवरून नजर फिरवायची. पण शेवटच्या रांगेत अंधार होता, आणि कवळीवाल्यांपुढं मी बसलो होतो. माझा देह काही किरकोळ नाही.

तासाभरानं ताई म्हणाली, आता शेवटची एक चीज, ही मी फार वर्षांपूर्वी बांधली.

ढुम. ढुम ढुम. ढुम.

माझ्या मागं खुर्ची करकरली. आणि पुढं गादीवरची आमच्या इमारतीची सगळी पोरं, कुणी न सांगता, उठून उभी राहिली. ढुमला उडी, ढुमला उडी. चौथ्यांदा झालं आणि सगळी एका पायावर स्थिर. पण लंबूटांग थांबला नाही. त्या आठ मात्रांत त्यानं आपली नक्षी भरली होती, बोटं सुरेख पळत होती. बाकीच्या लोकांना ती आवडतही होती. पोरं मात्र गोंधळली. एक पाय खाली टेकवावा की नको?

फौजदार गप्प बसणाऱ्यातली नाही. मंचापाशी जाऊन ती खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘काका, इथं आठ मोजून थांबायचं असतं.’’

हॉल हसला. लंबूटांगही हसला आणि वाजवत राहिला. दुसऱ्या वेळी ती जागा आली तेव्हा बारा पोरं एकदम ओरडली, ‘‘थांबा.’’

ताईचा हात तारांवर आडवा पडला. आवाज बंद. ती वाकून फौजदाराला म्हणाली, ‘‘थांबायचं असतं, हे तुला कुणी सांगितलं?’’

‘‘सांगायचं काय त्यात? दातकाका रोज तसंच वाजवतात.’’

‘‘कोण दातकाका?’’

बारा बोटं माझ्या दिशेनं आली. मी बाजूला झालो. कवळीवाले तोवर उठून दारात पोहोचले होते, पण अकरा बाबागाड्यांतून वाट नव्हती. एक ओढली की दोन सरकत होत्या. ते तिथं पाठमोरे उभे, एका गाडीचा दांडा हातात.

‘‘बारक्या,’’ ताई म्हणाली. माईकमधून म्हणाली, त्यामुळं साऱ्या गावाला त्यांचं घरातलं नाव कळलं.

ते पुढं आले. लंबूटांगानं उठून आपली गिटार त्यांच्यापुढं धरली. तो माणूस तिथं मला एकदम आवडला. कवळीवाल्यांनी गिटार घेतली नाही. उजवा हात पुढं केला आणि बोटं पसरली. ताईनं ती बोटं धरून एकेक नख पाहिलं. अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला.

‘‘कधी?’’

‘‘गुरुवारी.’’

कुठल्यातरी पोराची शिंक ऐकू आली. मग ताईनं डोळे पुसले, स्टूल सरळ केलं आणि पोरांना म्हणाली, ‘‘मग दुसरी बाजू आता तुम्ही म्हणायची. जशी रोज ऐकता तशी.’’

आणि ती चीज पुन्हा सुरू झाली. पोरं ढुम ढुम म्हणत उड्या मारतायत, गायिका खालच्या सुरात त्यांना सांभाळतेय, लंबूटांग बूट काढून त्यांच्यात जाऊन उडी मारतोय. चौथ्यांदा झालं तेव्हा कवळीवाल्यांनी बोट वर केलं आणि सगळं थांबलं. त्यांचा पाय हलत होता, टप, टप. आणि त्या रिकाम्या जागेत ताईची गिटार एकटी बोलायला लागली.

बारा वर्षं मी ती जागा ऐकत होतो. तिथं काय यायचं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. फार काही नव्हतं. एक साधी ओळ, वर जाणारी, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखी अर्धवट राहणारी. तिचं उत्तर म्हणजे पुढचं ढुम. तेवढं मी रोज ऐकलेलं होतं. बायकोकडे पाहिलं तर ती पदरानं नाही, माझ्याच रुमालानं नाक पुसत होती.

मैफल संपल्यावर मी खुर्च्या आवरायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण भाऊबहीण जिथं उभे होते तिथल्या खुर्च्या फार वेड्यावाकड्या होत्या. कान उघडे होते हे कबूल करतो. ताई सांगत होती, की शनिवारी संध्याकाळी सहाला ती आमच्या इमारतीखाली येऊन गेली. वर यायचं धाडस होईना. म्हटलं, खिडकीतून गिटार ऐकू आली तर जिना चढायचा. अर्धा तास उभी होती. काही ऐकू आलं नाही. म्हणजे यानं सोडली, असं समजून ती परत गेली.

मी हातातली खुर्ची खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. ज्यानं दाराखालून कागद सरकवला नसता तर शनिवारी सहाला गिटार वाजली असती, तो माणूस तीन पावलांवर खुर्च्या आवरत होता.

मग कवळीवाले म्हणाले, ‘‘वरचा डावीकडचा तो दात कुणी केला तुझा?’’

ताईनं चटकन तोंडावर हात नेला. ते सांगू लागले, की हसलीस तेव्हाच दिसलं, रंग पिवळा लागलाय आणि कड हिरडीला धरून बसलेली नाही, आत अन्न अडकत असणार. ती म्हणाली, अडकतं. ते म्हणाले, डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवतो, करून टाकू. मंडळीचा मुक्काम आता पुढचे काही महिने दोन तासांवरच्या गावी आहे, असं ती म्हणाली. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. तिनं जाताना त्यांच्या केसांतली पूड झटकली. झटकून काही जाईना. ती गेली. ते गाडी वळेपर्यंत उभे राहिले, आणि वळल्यावरही.

घरी येताना मी बराच वेळ गप्प होतो, हे बायको अजून साक्षीला सांगते. पण कोपऱ्यावर आल्यावर राहवेना. मी म्हटलं, ‘‘कवळीवाले, रागावू नका, पण कमाल केलीत. सहा वर्षांनी बहीण भेटली. ती तुमच्या खिडकीखाली अर्धा तास उभी होती म्हणाली. ‘राहा’ म्हणायचं, ‘घरी ये’ म्हणायचं, निदान रडायचं तरी. आणि तुम्ही तिच्या दाताचा विषय काढलात?’’

ते दवाखान्याच्या दाराशी थांबले. खिशातून किल्ली काढली.

‘‘‘घरी ये’ म्हटलं असतं तर एकदा आली असती,’’ ते म्हणाले. ‘‘दाताला तीनदा यावं लागतं. एकदा माप द्यायला, एकदा लावून बघायला, एकदा बसवायला. आणि नीट बसला नाही, तर चौथ्यांदा.’’